आंबीतला शुक्रवार

तळेगाव दाभाड्याहून इंद्रायणी ओलांडून आंबीत शिरताना एकीकडे कारखान्यांची छपरे आणि दुसरीकडे भातखाचरे दिसतात. मे महिन्यात ही खाचरे कोरडी असतात. पावसानंतर त्यांत इंद्रायणी तांदळाची रोपे डोलू लागतात. हे वाणही जवळच्याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचे. गृहभेटीसाठी या रस्त्याने मी अनेकदा जातो. त्यांपैकी एका शुक्रवारची हकिकत, वाचकहो, आपल्याला सांगावीशी वाटते.

घर बेने इस्राएली कुटुंबाचे. हे ज्यू बांधव शतकानुशतके कोकणात राहत आले. तेलाचा घाणा चालवणारे, पण शनिवारी तो बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची घरातली भाषा मराठी. पेणकर, रोहेकर अशी आडनावेही गावांवरून आलेली. शनिवारचा शब्बाथ हा त्यांचा विश्रांतीचा दिवस शुक्रवारच्या सूर्यास्तालाच सुरू होतो. त्यानंतर चूल पेटवायची नाही; म्हणून सारा स्वयंपाक आधीच उरकावा लागतो.

त्यातच उन्हाळी सुट्टी. ठाण्याहून, पनवेलहून आणि पुण्याहून सहा नातू आलेले. ओटीवर गाद्यांची रांग, अंगणात क्रिकेट. घराचे जणू शिबिरच झाले होते. मी आलो होतो ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांच्या पायांवरची सूज पाहायला. ती उतरली होती. नातवंडांच्या गलक्याने त्यांचा चेहराही खुलला होता.

स्वयंपाकघरात मात्र त्यांची सून पहाटेपासून उभी होती. नारळाच्या दुधातली माशाची आमटी उकळत होती. मासा खवले आणि पर असलेलाच. द्राक्षारसाऐवजी प्रार्थनेत वापरायच्या सरबतासाठी काळे मनुके भिजत होते.

“वहिनी, जरा बसा. तुमचाही रक्तदाब पाहू,” मी म्हणालो.

“आज शुक्रवार आहे, डॉक्टर. नंतर बघू.”

आग्रहाने बसवले. रक्तदाब 170/100 निघाला. सासऱ्यांच्या गोळ्या त्यांनी वेळेवर दिल्या होत्या. स्वतःच्या तीन दिवस राहून गेल्या होत्या.

आजोबा काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी काठी आपटून सर्व मुलांना आत बोलावले. “शब्बाथ घरातल्या सगळ्यांचा असतो. तुमच्या काकूचा नाही का?”

पुढचा तास पाहण्यासारखा होता. एकाने मनुके कुस्करून गाळले. दुसऱ्याने काचेच्या दिव्यात पाणी घालून वर तेल ओतले. दोघांनी ताटे मांडली. मोठ्याने आजोबांच्या आणि काकूच्या गोळ्या वारांच्या डब्यांत भरल्या. मी त्या तपासून घेतल्या. धाकटा कांदा सोलताना रडला आणि सगळे हसले. सूर्यास्तापूर्वी वहिनींनी दिवा लावला, डोळे मिटून प्रार्थना केली आणि त्या खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच.

दोन आठवड्यांनी रक्तदाब 138/86 होता. श्रेय नियमित गोळ्यांचे आणि थोडे त्या खुर्चीचेही.

आपल्या घरी आजारी वडीलधारे असतील, तर त्यांची काळजी घेणाऱ्या व्यक्तीलाही महिन्यातून एकदा तपासा. आठवड्यातला एक ठरावीक वेळ तिच्या विश्रांतीसाठी राखून ठेवा आणि तिची कामे नावानिशी वाटून द्या. ‘काही मदत हवी का?’ या प्रश्नाला बहुतेक जणी नाहीच म्हणतात. मुलांनी भरलेला गोळ्यांचा डबा मोठ्यांनी पुन्हा पाहावा. सण असो वा व्रत, छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे यांसाठी थांबू नका. शब्बाथचे नियम कडक असले, तरी जीव वाचवण्यासाठी ते मोडावेत, अशीच ज्यू धर्माची आज्ञा आहे.

मी निघालो तेव्हा आजोबा दारापर्यंत आले. “पुढच्या शुक्रवारी जेवायलाच या, डॉक्टर. स्वयंपाकात मुले आहेत, मीठ मात्र तुम्ही तपासा.”