पेटू नये असा दिवा

पुण्याच्या तपकीर गल्लीत टेबललॅम्पचं बटण घ्यायला उभा होतो. शेजारी एक मुलगा आला, हाताला ग्रीस. त्यानं खिशातून कागदाची पुडी सोडली. आत काळे, तीन पायांचे मॉसफेट, म्हणजे वीज सोडणारे-तोडणारे स्विच. एकाचं पोट फुटून आतलं करडं दिसत होतं. "काका, आयआरएफ बत्तीसशे पाच, आठ नग. पण एकाच लॉटचे द्या." दुकानदारानं वरही न पाहता विचारलं, "गाडीचा ॲम्प का?"

माझं बटण मिळालं, पण पाय निघेना. एकाच लॉटचे! चार-चारच्या दोन तुकड्या शेजारी-शेजारी उभ्या राहून बॅटरीचा करंट ओढतात. एखादा जरा आधी उघडला, तर तेवढा वेळ सगळ्यांचा भार त्याच्या एकट्याच्या अंगावर येतो. पालखीचे भोई सारख्या उंचीचे का बघतात, ते ज्यानं खांदा दिलाय त्यालाच कळतं. त्या मुलाला ते कुणी शिकवलं असेल?

गाडीतल्या ॲम्प्लिफायरचं खरं दुखणं बारा व्होल्ट हे आहे. इंजिन चालू असताना चौदाच्या थोडे वर. एवढ्यावर चार ओहमच्या स्पीकरला फार तर वीसेक वॉट देता येतात, आणि माझ्या मते माणसाला तेवढे पुरतात. काच थरथरल्याशिवाय ज्यांना गाणं ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी ॲम्पच्या पोटात एक छोटं वीजकेंद्र बसवावं लागतं. बारा व्होल्ट तिथं शिरतात आणि अधिक तीस, उणे तीस असे काहीतरी होऊन बाहेर पडतात. मधे तांब्याची जाड तार गुंडाळलेलं एक कडं असतं, तो ट्रान्सफॉर्मर.

पण ट्रान्सफॉर्मरला स्थिर वीज चालत नाही. हे मायकेल फॅरेडेनं 29 ऑगस्ट 1831 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पाहिलं होतं. सहा इंच व्यासाचं लोखंडी कडं, त्यावर सुती कापडानं अलग केलेली दोन वेटोळी. एकाला बॅटरी जोडली की दुसऱ्याजवळची चुंबकसुई हलायची आणि पुन्हा जागेवर यायची; बॅटरी काढली की उलट हलायची. मधल्या वेळात, वीज भरभरून वाहत असताना, सुई गप्प. म्हणून वीज सारखी तोडावी लागते. 1930 च्या दशकातल्या मोटार रेडिओत ते काम एक थरथरणारी पोलादी पट्टी करायची, आणि गाण्याआधी तिची गुणगुण ऐकू यायची. आता तेच काम मॉसफेट करतात, सेकंदाला तीस-चाळीस हजार वेळा, कानाच्या पल्याड. त्यांना ताल देते टीएल 494 नावाची सोळा पायांची आयसी: एक तुकडी उघडी, दुसरी बंद; मग उलट. दोन्ही एकदम उघडल्या तर बॅटरी थेट शॉर्ट.

आमच्या तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडच्या रस्त्याला एक रेडिओवाले काका होते. त्यांच्या टेबलावर लाकडी फळी, फळीवर होल्डर, होल्डरात शंभरचा बल्ब, शेजारी दोन पिनांचं सॉकेट. सिरीज बोर्ड. दुरुस्तीला आलेला कुठलाही सेट पहिल्यांदा त्या बल्बातूनच वीज प्यायचा. सेट धड असला की बल्ब क्षणभर झळकून मंद व्हायचा, आतली तार नुसती लालसर. सेटमध्ये शॉर्ट असला की बल्ब लख्ख पेटायचा. सगळा भार तो स्वतःवर घ्यायचा, सेटला धक्का लागू द्यायचा नाही. आम्ही शाळेतून येताना रस्त्यावरूनच निदान करायचो. चादरीत गुंडाळून रेडिओ आणलेली बाई बल्बाकडे बघत उभी असायची. लख्ख झाला की तिचा चेहरा उतरायचा. त्या दुकानात उजेड म्हणजे खर्च. दिवाळीच्या आठवड्यात सगळं गाव दिवे लावायचं आणि काका मात्र दिवा लागू नये म्हणून वाकून बसलेले. बल्ब मंद झाला की तेही काही बोलायचे नाहीत. बटण फिरवून खरखरीतून आकाशवाणी शोधायचे आणि आवाज लागला की चहा सांगायचे. त्या चहात आमचा वाटा नसे. पण बिस्किटाचा असे.

गाडीच्या ॲम्पलाही हाच उपाय चालतो, फक्त बल्ब बारा व्होल्टचा, हेडलाइटचा. पण घाईचे कारागीर फुटलेले मॉसफेट बदलतात, थेट बॅटरी जोडतात, आणि नवे आठ नग डोळ्यांदेखत धूर होतात. कारण फुटलेला भाग बहुतेक वेळा बळी असतो. मॉसफेट मरताना आपल्या गेटचा (ज्या पायावर ताल येतो त्याचा) रेझिस्टर, त्यामागचा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, कधी 494 सुद्धा बरोबर घेऊन जातो. कित्येकदा मूळ शॉर्ट पलीकडे, स्पीकरला जोडलेल्या आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये असतो. म्हणून आधी मीटरनं दोन्ही बाजू तपासाव्यात. मग मॉसफेट न लावताच ॲम्प चालू करून गेटच्या जागी दोन चौकोनी लाटा आळीपाळीनं येतात का, ते ऑसिलोस्कोपवर पाहावं. त्यानंतर नवे मॉसफेट. हीटसिंकला चिकटवताना खालचा अभ्रक विसरायचा नाही. शेवटी बल्बातून वीज. या क्रमात कुठंही हुशारी लागत नाही, सबुरी लागते. "बोर्डच बदला" म्हणणाऱ्या सर्व्हिस सेंटरांविषयी माझं मत वाईट आहे, ते इथं वाढवत नाही.

तुमच्या गाडीत ॲम्प असेल तर एवढं बघा: मुख्य तारेवरचा फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत हवा. तो तारेच्या रक्षणासाठी असतो. ॲम्पजवळ बसवला, तर मधली सगळी तार उघड्यावर राहते. आणि तीस अँपिअरचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर तिथं चाळीसचा टाकू नका. गाडी पेटण्यापेक्षा गाणं बंद पडलेलं बरं.