उडी मोठी की पदक मोठं?

दोस्तांनो, आज एक काम करा. घरातली मोजपट्टी घ्या आणि गच्चीत, अंगणात किंवा शाळेच्या व्हरांड्यात ७ मीटर ११ सेंटिमीटर मोजा. दोन्ही टोकांना खडूनं रेघा ओढा. आता एका रेघेवर उभे राहून दुसरीकडे बघा. केवढं लांब दिसतं, नाही? २३ फुटांहून जास्त! आई, बाबा, ताई आणि तुम्ही असे चौघं डोक्याला पाय लावून ओळीनं झोपलात, तरी शेजारच्या मांजरीला ऐसपैस पसरायला जागा उरेल.

एवढं अंतर एका बाईनं एकाच उडीत पार केलं होतं. तिचं नाव फियोना मे. इटलीची खेळाडू. २२ ऑगस्ट १९९८, बुडापेस्ट शहर, युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा. तिच्या साऱ्या आयुष्यातली ही सर्वांत लांब उडी. मग काय, सुवर्णपदक मिळालं असणार, असंच वाटलं ना तुम्हाला?

छे! ती दुसरी आली. जर्मनीच्या हाइके ड्रेक्सलरनं त्याच दिवशी ७.१६ मीटर उडी मारली. फक्त पाच सेंटिमीटरचा फरक. तुमच्या खोडरबरापेक्षा थोडासाच मोठा!

मला खेळांचे आकडे वहीत उतरवून ठेवायची सवय आहे. एका रकान्यात अंतर, शेजारच्या रकान्यात क्रमांक. बहुतेक खेळाडूंच्या बाबतीत हे दोन रकाने हातात हात घालून चालतात. उडी मोठी, तर क्रमांक वरचा. पण फियोनाच्या पानावर मात्र त्यांचं चक्क भांडण आहे. म्हणूनच ते पान मला फार आवडतं.

आधी तिची ओळख करून घेऊ. तिचे आईवडील मूळचे जमैकाचे. फियोना १२ डिसेंबर १९६९ रोजी इंग्लंडमधल्या स्लाउ गावी जन्मली आणि डर्बी शहरात वाढली. १९८८ साली ती ज्युनिअर गटाची जगज्जेती झाली. त्याच वर्षी सोलच्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून खेळून सहावी आली. पुढे जान्नी यापिकीनो या इटालियन खेळाडूशी तिचं लग्न झालं. तो बांबू उडीवाला, म्हणजे पोल व्हॉल्टवाला बरं का! १९९४ साली ती इटलीची नागरिक झाली आणि इटलीचा निळा पोशाख घालून धावपट्टीवर उभी राहिली. नवा देश, नवी भाषा. पण वाळूचा हौद तोच आणि मोजपट्टीही तीच!

आता वहीतली गंमत पाहा. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये फियोनानं ७.०२ मीटर उडी मारली. नायजेरियाच्या चिओमा अजुन्वानं मारली ७.१२. फियोनाला रौप्यपदक. पाच वर्षांनी, २००१ साली, कॅनडातल्या एडमंटनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. तिथं फियोनानं किती उडी मारली असेल? पुन्हा ७.०२! ना एक सेंटिमीटर जास्त, ना एक कमी. पण या वेळी रशियाची तात्याना कोतोवा ७.०१ वर थांबली आणि फियोनाला मिळालं सुवर्णपदक. तेवढंच अंतर, एकदा रुपेरी आणि एकदा सोनेरी!

आणखी एक गोष्ट. लांब उडीत वाऱ्याचाही हिशेब असतो. पाठीमागून येणारा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा जोरात असेल, तर ती उडी स्पर्धेत धरतात, पण विक्रमात धरत नाहीत. एडमंटनची सोनेरी उडी अशी वाऱ्यावरची होती. १९९५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला ती पहिल्यांदा जगज्जेती झाली, ती ६.९८ मीटरची उडीसुद्धा वाऱ्यावरचीच. म्हणजे बघा हं, ज्या उड्यांनी तिला जगज्जेती केलं त्या विक्रमाच्या यादीत बसल्या नाहीत, आणि जी उडी इटलीचा विक्रम ठरली तिला सोनं मिळालं नाही!

मग खरी उडी कुठली? सोन्याची की सर्वांत लांब?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? पहिला तो पहिला! घरीदारी तेच विचारतात ना! निकाल हातात पडला की 'किती मार्क?'च्या पाठोपाठ 'कितवा नंबर?' येतोच. आमच्या शाळेत क्रीडादिनाला ध्वनिक्षेपकावरून पहिल्या तिघांची नावं पुकारत. अंतर कुणी सांगतच नसे. मी एके वर्षी पाचवा आणि पुढच्या वर्षीही पाचवाच. पण मधल्या वर्षात माझी उडी चांगली वीतभर वाढली होती. ते फक्त मला आणि मोजपट्टी धरणाऱ्या शिपाईकाकांना ठाऊक! त्या दिवशी मी थोडा हिरमुसलो होतो, पण घरी जाताना ती वीत हवेत पुन:पुन्हा मोजून बघत होतो.

नंबर आपला एकट्याचा नसतोच, दोस्तांनो. त्यात शेजारच्या खेळाडूची उडी असते, वारा असतो आणि कधी कधी पंचांचा डोळाही असतो. १९९९ साली स्पेनमधल्या सेव्हिलला असंच झालं. स्पेनच्या न्यूर्का मोन्ताल्वोनं ७.०६ मीटर उडी मारली. उडी मारताना तिचं पाऊल फळीच्या पुढं गेलं, म्हणजे ती उडी फाउल होती, असं इटलीच्या चमूचं म्हणणं. त्यांनी तक्रार केली, ती फेटाळली गेली. फियोनाला ६.९४ मीटरवर पुन्हा रौप्य! रडू येईल नाही तर काय? पण पुढच्याच वर्षी ती सिडनी ऑलिंपिकला धावपट्टीवर हजर. तिथंही रौप्यच. आणि त्याच्या पुढच्या वर्षी एडमंटनचं सोनं, तेही एका सेंटिमीटरनं!

वारा, पंच, ड्रेक्सलर यांपैकी काहीच फियोनाच्या हातात नव्हतं. हातात होती ती स्वत:ची धाव आणि फळीवर पडणारं पाऊल. ते तिनं इतकं घोटलं होतं, की १९९८ साली तिहेरी उडीतही ती १४.६५ मीटरपर्यंत पोचली. तिहेरी उडी म्हणजे काय माहीत आहे ना? आधी त्याच पायावर लंगडी, मग दुसऱ्या पायावर लांब टांग आणि शेवटी उडी.

गोष्ट इथं संपत नाही. २००२ साली फियोनाला मुलगी झाली, लारिसा. तीही लांब उडीच मारते. वडील तिचे प्रशिक्षक. छपराखालच्या मैदानावर आईनं १९९८ साली ६.९१ मीटरचा इटालियन विक्रम केला होता. २०२१ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, लारिसानं उडी मारली आणि मोजपट्टीनं दाखवलं बरोब्बर ६.९१! मग २०२३ साली इस्तंबूलला ती ६.९७ मीटर उडाली. आईचा विक्रम मोडला. पदक कुठलं मिळालं, ओळखा पाहू? रौप्य! ब्रिटनच्या खेळाडूनं सात मीटर पूर्ण गाठले होते. आणि दोन वर्षांनी, २०२५ साली, त्याच युरोपीय स्पर्धेत लारिसा सुवर्णपदक घेऊन आली, ते ६.९४ मीटर उडी मारून. विक्रमापेक्षा तीन सेंटिमीटर कमी!

माझ्या वहीत मायलेकींची पानं आता समोरासमोर आहेत. तुम्हीही अशी एक वही करा. उडीची, धावण्याची, पोहण्याची, नाही तर गणिताच्या पेपराचीसुद्धा चालेल. दोन रकाने आखा. नंबराचा रकाना लोक विचारतीलच. दुसऱ्या रकान्यात मात्र तुमची वीत मोजून ठेवा. आणि हो, आधी त्या खडूच्या रेघा पुसून टाका, नाही तर आई रागावेल!