मोजून दोन बादल्या

पुराचा राग मला कधी आलाच नाही. उल्हास नदीपासून चालत दहा मिनिटांवर घर घेतलं, नदी कधीतरी येणारच. राग आहे तो दोन बादल्यांचा.

बदलापूरला का आलो ते काय सांगायचं? डोंबिवली परवडेना, अंबरनाथही परवडेना, मग पुढचं स्टेशन. सीएसएमटीपासून 68 किलोमीटर. तळमजला म्हणून स्वस्त पडलं. 2005 च्या पुराचं एजंटला विचारलं होतं. "इथवर नाही येत पाणी, ताई."

27 जुलै 2019, शनिवार. पहाटे आधी चपला तरंगल्या, मग रिकामा सिलिंडर. आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे पळालो. वीज गेलेली. डोक्यावर हेलिकॉप्टर घरघरत होतं. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसकट अडकली होती, हे नंतर कळलं.

पाणी ओसरलं आणि घरात वीतभर चिखल राहिला. तांदळाच्या डब्यात चिखल, लेकीच्या दहावीच्या पुस्तकांत चिखल, कपाटाच्या खालच्या खणात लग्नातला शालू, त्यातही. आणि नळ कोरडा, कारण नदीवरचे पंपच बुडालेले. सोसायटीने टँकर मागवला. सेक्रेटरी वही घेऊन उभे. घरटी दोन बादल्या.

मी म्हटलं, "भाऊ, वरच्यांना भात शिजवायचाय, मला घर खरवडायचंय."

"नियम सगळ्यांना सारखा, वहिनी."

रांगेतलं कुणी हूं की चूं केलं नाही. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं दिवाळीचा फराळ पोचवला तेही आपापल्या बादल्यांत बघत उभे. चिखल वाळून गिलाव्यासारखा घट्ट झाला. तीन दिवस मी तो उलथन्याने खरवडला. काकूंनी अंधार पडल्यावर अर्धी बादली आणून दिली, तीही पदराआड, चोरी केल्यासारखी. पुढच्या महिन्याच्या बिलात टँकरचा खर्च आला. तोही सगळ्यांना सारखा.

नदीकाठी घर बघणाऱ्यांना माझं सांगणं आहे: भर पावसात जा. एजंटला नको, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा. पूररेषा नकाशात असते, जाहिरातीत फक्त 'रिव्हर व्ह्यू'. आणि कंबरेइतक्या उंचीवर भिंत हाताने चाचपून बघा.

या बिल्डिंगचं तोंड बघायचं नाही, असं तेव्हा म्हणाले होते. 2021 मध्ये हिच्यातलाच दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. सकाळची लोकल इथूनच सुटते, खिडकी मिळते. ते सुख सोडवत नाही. शिवाय काकू आहेत. खालचा फ्लॅट विकला जाईना, म्हणून रंगाचे दोन हात देऊन भाड्याने दिला.

भाडेकरू नवरा-बायको साधे आहेत, बाळ लहान आहे. परवा ती विचारत होती, हॉलच्या भिंतीवर ही आडवी पिवळट रेघ पुन्हा पुन्हा कशी येते?

"ओल आहे गं," मी म्हटलं.