शून्य गुणांची दोन उत्तरे

परभणी जिल्ह्यातील शाळांत, राज्यातील इतर शाळांप्रमाणेच, पहिली ते आठवीच्या मूल्यमापनाची रीत 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने बदलली आणि वार्षिक परीक्षेच्या जागी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. शिकवत असतानाच निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय यांतून होते ते आकारिक मूल्यमापन, आणि सत्र संपताना होते ते संकलित. पहिली-दुसरीत आकारिकाला 70 टक्के भार मिळाला, सातवी-आठवीत 40 टक्के. विचार मोलाचा होता. पण या साऱ्याची बेरीज होऊन प्रगतिपुस्तकात अखेर अ-1 ते इ-2 यांपैकी एक श्रेणीच उतरली आणि पालकांनी तिच्याकडे पूर्वीच्या गुणांसारखेच पाहिले.

पुढे 2017 मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने इयत्तावार अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. अध्ययन निष्पत्ती म्हणजे ठरावीक टप्प्यावर मुलाला काय करता यावे, हे पाहून पडताळता येईल अशा शब्दांत सांगणारे विधान. तीन अंकी संख्यांची वजाबाकी करता येणे ही तिसरीची अशीच एक निष्पत्ती. 304 मधून 127 वजा करायला सांगितल्यावर एका मुलाने 223 लिहिले आणि दुसऱ्याने 187, तर उत्तर 177 असल्याने दोघांनाही शून्यच मिळते. प्रत्यक्षात पहिला प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतो आहे, म्हणजे दशक सुटा करण्याची कल्पनाच त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. दुसऱ्याला ती पोचली आहे, शतक सुटे करून आलेल्या दहा दशकांतून एक दशक एककाकडे गेला, एवढेच तो विसरतो. पहिल्याच्या हाती काड्यांचे गठ्ठे पुन्हा द्यावे लागतात, दुसऱ्याला मधोमध शून्य असलेली चार-सहा उदाहरणे पुरतात. हा फरक ओळखून तो दोन ओळींत लिहिणे हे मूल्यमापनाचे खरे कसब आहे, आणि वर्णनात्मक नोंदींचा रकाना त्यासाठीच ठेवलेला आहे.

दुर्दैवाने त्याच रकान्यात ‘अभ्यासात रस घेतो’, ‘गणिती क्रिया अचूक करतो’ अशी तयार नोंदींच्या यादीतून उतरवलेली वाक्ये सर्रास आढळतात. त्याचा सगळा दोष शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल, कारण दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे आणि शिवाय ऑनलाइन माहिती भरायची, तर मुलाच्या वहीपाशी थांबायला वेळ कुठला उरणार?

गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांत या नोंदीवर आणखी बरेच अवलंबून असते. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात; काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावी राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. अशा मुलाची श्रेणी नव्या शाळेतील शिक्षकाला फारसे काही सांगत नाही. पण ‘हातच्याची बेरीज येते, दशक सुटा करणे बाकी’ एवढी नोंद सोबत असली, तर दुसऱ्या दिवसापासून नेमके तेच शिकवता येते. स्थलांतरित मुलांसाठीच्या शिक्षण हमी पत्रकामागे हाच हेतू आहे आणि त्याचे मोल त्यात काय लिहिले आहे यावरच ठरते.

2023 मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला अतिरिक्त मार्गदर्शन देऊन फेरपरीक्षा घ्यावी आणि तीही न जमल्यास त्याला त्याच वर्गात ठेवावे, असा हा नियम आहे. पुनर्परीक्षेपूर्वीच्या थोड्या आठवड्यांत काय शिकवायचे, हे मात्र गुणपत्रकावरून कळत नाही. त्यासाठी वर्षभराची खरी नोंदच हाताशी लागते. म्हणून केंद्राच्या शिक्षण परिषदेत अहवालांच्या आकड्यांइतकाच वेळ मुलांच्या चुकलेल्या वह्या एकत्र बसून वाचण्याला द्यावा, आणि पालकांनीही प्रगतिपुस्तक हाती आल्यावर श्रेणीआधी वर्णनात्मक नोंद वाचून, ती मोघम असेल तर शिक्षकांना तिचा अर्थ विचारावा.