दोन टाक्या आणि एक काटा

गेल्या महिन्यात आमच्या वाड्यावरील एक तरुण परदेशी नोकरीवर निघण्यापूर्वी माझ्याकडे आला. त्याला दोन टाक्यांची, चारही चाकांना ओढ देणारी गाडी हाकावयाची होती, आणि डिझेलचा काटा एकच असताना टाक्या दोन कशा, हे त्याला कोणी समजावून दिले नव्हते. मी त्याला तासभर सर्व सांगितले. तो आनंदाने गेला, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. एवढीच माहिती एका दुसऱ्या मुलाला १९९३ साली सांगावयाची राहून गेली होती. राहून गेली म्हणणेही खरे नव्हे. मी ती सांगितली नव्हती.

मी त्या काळी ओमान देशात एका कंत्राटदाराच्या छावणीवर ड्रायव्हर होतो. मस्कतहून सलालाला जाणारा सुमारे हजार किलोमीटरांचा रस्ता ज्या सपाट, खडीच्या वाळवंटातून जातो, त्याला जिद्दत-अल-हरासीस म्हणतात. तेथे मैलोगणती झाड दिसत नाही. नामशेष झालेली पांढरी ओरिक्स हरणे १९८२ साली याच माळावर पुन्हा मोकळी सोडण्यात आली होती, आणि पहाटेच्या वेळी ती गाडीसमोरून जाताना मी एकदोनदा पाहिलीही. असो. अशा प्रदेशात गाडीपेक्षा गाडीतील तेल मोलाचे, म्हणून आमच्या लांब बांध्याच्या लँडक्रूझरला प्रत्येकी ९० लिटरांच्या दोन टाक्या होत्या. छावणीत जनित्रासाठी डिझेलचा साठा असे. त्यातूनच गाडीही भरली जाई.

या टाक्यांची रचना वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढील सारे तिच्यावरच अवलंबून आहे. प्रत्येक टाकीत एक पोकळ तरंगता गोळा असतो. तेल उतरले की तो उतरतो, आणि त्याच्या दांडीमुळे विजेच्या तारेतील अडथळा कमीजास्त होतो. त्या प्रमाणात समोरचा काटा हलतो. गोळे दोन, पण काटा मात्र एक. डॅशबोर्डावर एक लहानसे बटण असते, एका बाजूस मुख्य टाकी व दुसऱ्या बाजूस दुय्यम. ते ज्या बाजूला असेल त्या टाकीतून इंजीन तेल ओढते आणि त्याच टाकीचे माप काटा दाखवितो. दुसरी टाकी काठोकाठ भरलेली असो की कोरडी ठणठणीत, काट्याला त्याची खबर नसते. दोन्ही टाक्यांची बेरीज तो कधीच दाखवीत नाही.

आणखी एक गोष्ट. काटा मुद्दामच मंद ठेवलेला असतो. खाचखळग्यांत तेल हिंदकळते, त्यासरशी काटाही नाचू लागला तर तो वाचणार कोण? जुन्या गाड्यांत तर दोन धातूंची चिकटविलेली पट्टी विजेने तापून वाकते आणि काट्याला ढकलते. तापावयास वेळ लागणारच. म्हणून बटण फिरविल्यावर काही क्षण थांबून मगच माप वाचावे. गाडी चढावर किंवा एका अंगावर उभी असेल तर तेल एका कडेला जाते, मग गोळाही खोटे सांगतो. सपाट जागी उभे करून पाहावे.

त्या छावणीवर माझ्या हाताखाली वीस वर्षांचा एक मुलगा होता. आमच्याच खानापूर तालुक्यातला; त्याच्या आईने गळ घातली म्हणून मीच त्याला तेथे लावून दिले होते. तो मला मामा म्हणे. गाडी धुणे, टायरांतील हवा पाहणे व तेल भरणे ही त्याची कामे. त्याला मी नियम घालून दिला होता : दर बुधवारी संध्याकाळी चावी फिरवून काटा पाहावयाचा, आणि अर्ध्याखाली असेल तरच भरावयाचे. दुय्यम टाकी भरावयाची असे त्या दिवशी मी स्वतः सांगे, "आज दोन्ही भर." बटणाचे गुह्य मात्र मी त्याला सांगितले नव्हते. का, असे कोणी विचारील. त्या काळच्या ड्रायव्हरांत अशी वृत्ती होती, की शिकाऊ पोराला सर्व शिकविले तर उद्या तोच आपल्या जागी बसेल. मीही याच वृत्तीने वागलो.

त्या आठवड्यात सोमवारी व मंगळवारी मी दुय्यम टाकीवर गाडी चालविली. मंगळवारी संध्याकाळी ती संपत आली तेव्हा बटण मुख्य टाकीकडे वळविले. बुधवारी जरा फेरफटका झाला. संध्याकाळी मुलाने चावी फिरवून पाहिले. काटा पाऊण टाकीवर होता. मी "दोन्ही भर" म्हणालो नव्हतो. कामाच्या धांदलीत विसरलो होतो. त्याने नियमाप्रमाणे काही भरले नाही.

गुरुवारी रात्री छावणीचे खानसामे, मंगळूरकडील एक वयस्क गृहस्थ, पोटदुखीने कळवळू लागले. आम्ही त्यांना गाडीत आडवे केले. काट्यावर पाऊण टाकी दिसली, मागे आणखी ९० लिटर आहेत या भरवशावर मी निघालो. हैमापर्यंत १२० किलोमीटर कच्ची वाट होती. तेथे डॉक्टरांनी तपासून इंजेक्शन दिले व शस्त्रक्रियेसाठी ताबडतोब निझव्याला नेण्यास सांगितले. रस्त्यात हैमाचा पंप लागला, पुढे घाब्याचा लागला. मी कोठेही थांबलो नाही. रोगी मागे कण्हत होता, थांबणार तरी कसा, असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो. पण खरे म्हणजे तेलाची चिंताच माझ्या मनात नव्हती.

अदमच्या अलीकडे मुख्य टाकीचा काटा तळाला टेकला. मी बटण फिरविले आणि काटा चढण्याची वाट पाहू लागलो. काटा मंदच असतो, हे मला ठाऊक होते. एक किलोमीटर गेला, दुसरा गेला. काटा जागचा हलला नाही. तिसऱ्या किलोमीटरला इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडले.

पेट्रोलच्या गाडीत तेल घातले की गाडी बहुधा चालू होते. डिझेलचे तसे नाही. टाकी कोरडी झाली की पंप तेलाऐवजी वारा ओढतो, आणि तो वारा नळ्यांतून काढून टाकल्याखेरीज कितीही तेल ओतले तरी इंजीन पेटत नाही. दीड तासाने एक ट्रक आला. त्या चालकाने आपल्या टाकीत नळी घालून वीस लिटर काढून दिले, आणि पैसे घेण्यास साफ नकार दिला. मग बॅटरीच्या उजेडात फिल्टरवरील हातपंप अंगठ्याने दाबीत, सैल केलेल्या पेचातून फेस जाऊन निव्वळ तेल येईपर्यंत मी एअर काढीत बसलो. अंगठा सोलून निघाला. खानसाम्यांचे कण्हणे मध्येच थांबे, ते मला कण्हण्याहूनही भयंकर वाटे.

निझव्याला पोहोचेपर्यंत त्यांचे अपेंडिक्स फुटले होते. ते वाचले, पण रुग्णालयात सहा आठवडे काढून थेट मायदेशी गेले.

त्या दीड तासात, रस्त्याच्या कडेला बसलो असताना, मंगळवारची गोष्ट मला लख्ख आठवली होती. म्हणजे शनिवारी साहेबांनी चौकशी केली तेव्हा मला सर्व ठाऊक होते. "तेल का संपले?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "तेल भरण्याचे काम मुलाकडे आहे." या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मुलाला बोलाविले. तो एवढेच म्हणाला की, काटा पाऊण टाकीवर होता. कोणाचाही विश्वास बसला नाही, कारण पाऊण टाकी आणि मागची ९० लिटर मिळून गाडी निझव्याला जाऊन अर्ध्या वाटेपर्यंत परत आली असती. त्याने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. त्याचा अर्ध्या महिन्याचा पगार कापला गेला, आणि दोन महिन्यांनी करार संपला तो पुन्हा वाढविला नाही.

तो तरुण गेल्या महिन्यात आला तेव्हा मी त्याला हेही सांगितले, की सर्व गाड्यांची रचना एकसारखी नसते. कित्येक नव्या गाड्यांत, उदाहरणार्थ ९३ आणि ४५ लिटरांच्या टाक्या असलेल्या २०० मालिकेच्या लँडक्रूझरमध्ये, इंजीन मुख्य टाकीतूनच तेल घेते, आणि दुय्यम टाकीतील तेल विजेचा पंप मुख्य टाकीत आणून सोडतो. जुन्या डिझेल गाड्यांत जपावयाचे ते परतीच्या नळीला. पंप लागते त्याहून अधिक तेल ओढतो व उरलेले परत पाठवितो. बटणाने ओढीची व परतीची अशा दोन्ही वाटा एकदमच वळल्या पाहिजेत. परतीची झडप अडकली तर एका टाकीचे तेल दुसरीत जाऊन ती उतू जाते. दोन्ही टाक्या पाळीपाळीने वापराव्यात, म्हणजे तेल शिळे होत नाही आणि झडप जाम होत नाही. आणि निघण्यापूर्वी, कितीही घाई असली तरी, बटण दोन्हीकडे फिरवून दोन्ही मापे पाहावीत. याला अर्धे मिनिट लागते.

त्यानंतरच्या रविवारी मिस्सा झाल्यावर मी त्या दुसऱ्या मुलाच्या गावी गेलो. मुलगा कसला, आता पन्नाशी उलटलेला गृहस्थ. घराच्या पुढल्या भागावर कौले आहेत, मागल्या भागावर अजून पत्रा आहे. त्या पगारातून कौले घालण्याचा त्याचा बेत होता, हे मला त्या वेळी ठाऊक होते. अंगणात बसून मी त्याला मंगळवारपासून सर्व सांगितले. मध्ये तो एक शब्दही बोलला नाही. माझे संपल्यावर बराच वेळ तो पायाने खडा सरकवीत राहिला.

मग म्हणाला, "मामा, तुम्ही खिडकीबाहेर पाहिलेत तेव्हाच मला कळले होते, की चूक माझी नाही. पण कोणाची, ते कळले नव्हते."

मी मान खाली घातली.

"ते बटण होते कोठे?"

मी काठीने मातीत डॅशबोर्ड काढून दाखविला. तो वाकून पाहू लागला.

"म्हणजे मी ते नुसते दुसरीकडे करून पाहिले असते तर?"

"तर काटा खाली गेला असता," मी म्हणालो, "आणि तू भरली असतीस."

त्याने आत हाक मारून चहा टाकावयास सांगितले.