सहीमागचे डॉक्टर

गेल्या पावसाळ्यात माझ्या जिभेच्या कडेला व्रण झाला. महिना उलटला तरी तो भरून येईना. शल्यविशारदांनी मसुराएवढा तुकडा काढून तपासणीस पाठविला. तीन दिवसांत यावयाचा अहवाल आठव्या दिवशी हाती आला. कर्करोग नव्हता, दाताच्या टोकदार कडेने झालेली ती जखम होती. सुटकेबरोबर मला रागही आला. त्या पाच रात्री मी झोपलो नव्हतो. तसाच प्रयोगशाळेत गेलो.

पॅथॉलॉजिस्ट बाईंनी शांतपणे बसावयास सांगितले. भिंतीवर डॉ. वसंत रामजी खानोलकरांचे छायाचित्र होते. मुंबईत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी वाहिली आणि तंबाखू व मुखकर्करोग यांच्या संबंधाचा अभ्यास केला. बाईंचे स्वतःचे शिक्षण एम.बी.बी.एस., पुढे तीन वर्षांचे एम.डी.; त्यानंतरची वीस वर्षे सूक्ष्मदर्शकापाशी गेली.

"फादर, तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवितो. मिलिमीटरच्या सुमारे अडीचशेव्या भागाइतके पातळ काप घेऊन रंगवितो. पेशीकेंद्रे निळी दिसतात, बाकीचे गुलाबी. तुमच्या पहिल्या कापांत मला शंका आली. म्हणून आणखी खोलवरचे काप घेतले, सहकाऱ्यांनाही दाखविले."

"पण रोगी तर तुम्हांला दिसतच नाही!"

"अर्जावर नाव असते, वय असते. शंका असताना सही करवत नाही."

मी ओशाळलो. शल्यविशारदांचे आभार मी केव्हाच मानले होते. अहवालाच्या तळाशी असलेले हे नाव मात्र, तक्रार करावयाची म्हणूनच प्रथम वाचले होते.