पन्हाळगडाहून पावनखिंडीकडे

बाजी प्रभूंची कथा मुलांना आजोबांच्या तोंडून ऐकावयास मिळाली नाहीं, असें घर कोल्हापुरांत शोधूनच काढावें लागेल. परंतु ज्या वाटेनें ती कथा घडली, ती वाट पायांखालून घातलेलीं माणसें त्या मानानें थोडीं. गडावर मोटार जाते. सज्जा कोठी व अंधारबाव पाहून, थंड वारा खाऊन मंडळी दिवेलागणीस घरीं परततात. पुसाटी बुरुजावरून पश्चिमेकडे पाहिलें म्हणजे जी डोंगरांची ओळ दिसते, तिच्यापलीकडे काय आहे ही जिज्ञासा बहुतेकांची बुरुजावरच थांबते.

गेल्या आषाढांत आमच्या घरचीं सात माणसें या वाटेस लागलीं. त्यांत माझी चुलत बहीण, तिची अकरावींत शिकणारी मुलगी, आणि सत्तरी ओलांडलेले आमचे अण्णाकाका होते. अण्णांना न्यावें कीं न न्यावें यावर घरांत तीन दिवस खल चालला होता. शेवटीं त्यांनींच निकाल दिला. “जेथें पाय ‘पुरे’ म्हणतील तेथें मी बसेन. मला ओढूं नका आणि आतांपासून अडवूंहि नका.” यावर वहिनींनीं मुकाट्यानें त्यांच्या वांट्याच्या दशम्या निराळ्या बांधून दिल्या.

खिंडी, दऱ्या आणि पाषाण यांची हौस असणाऱ्यास प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. वालुकाश्माचे तांबूस कडे पाहावयाचे असतील तर त्यानें बदामीकडे जावें, किंवा निदान गोकाकच्या धबधब्यापर्यंत तरी जावें. आमच्या या बाजूचा पाषाण वेगळ्या कुळींतला. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ज्वालारसाचे थर एकावर एक पसरून झालेला काळा बसाल्ट खालीं, आणि त्याच खडकाचा माथा ऊनपावसानें कुजून तयार झालेला तांबडा, सच्छिद्र जांभा वर. जांभा पाणी पितो, परंतु त्याच्याखालच्या चिकण थरांतून तें फारसें उतरत नाहीं. म्हणून पठाराच्या कडेस जागोजागीं झरे फुटतात. वाडी कोठें वसली, वाट कोठून गेली, हें बऱ्याच अंशीं या झऱ्यांनीं ठरविलें आहे. ही एवढी गोष्ट ध्यानांत ठेविली तर पुढची सारी वाट वाचतां येते.

गड उतरून म्हाळुंग्याच्या अंगानें चढ चढला कीं मसाईचें पठार लागतें. पन्हाळ्याच्या बुरुजावरून हें पठार सपाट पाटासारखें दिसतें. परंतु त्यावर पाऊल ठेविल्यावर मैलामागून मैल जांभ्याची सडा, तीवर घोट्याएवढें पाणी, आणि समोर दहा हातांवर धुक्याची भिंत! मसाई देवीचें देऊळ त्या धुक्यांतून एकदम पुढें येतें. पठाराच्या कडेस पांडवदरा म्हणून कोरीव लेणीं आहेत. नांव पांडवांचें असलें तरी तीं बौद्ध भिक्षूंचीं होत. श्रावण-भाद्रपदांत या सड्यावर सीतेचीं आंसवें, गेंद, कवला यांचे निळे, पांढरे, पिवळे पट्टे उमटतात. माती बोटभर, तींत अन्न अपुरें, म्हणून सीतेच्या आंसवांसारख्या वनस्पती सूक्ष्म किडे पकडून तें भागवितात. इतक्या नाजूक संसारावरून कांहीं हौशी मंडळी मोटारी फिरवितात, आणि चाकांच्या खुणा तेथें पुढील पावसाळ्यापर्यंत दिसत राहतात. इ. स. २०२२ मध्यें शासनानें या पठारास संवर्धन राखीव क्षेत्र ठरविलें हें उत्तम झालें. तेथें जाणाऱ्यानें मात्र मोटार खालींच ठेवावी.

आतां त्या रात्रीची गोष्ट. इ. स. १६६० च्या मार्चांत सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला, आणि पावसाळा आला तरी तो ढिला होईना. १२ जुलैच्या रात्रीं शिवाजी महाराज सुमारें सहाशें मावळ्यांनिशीं गडाबाहेर पडले. नेबापूरचा शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन दुसऱ्या पालखींत बसला, शत्रूच्या हातीं सांपडला आणि प्राणास मुकला, असें परंपरा सांगते. पौर्णिमेची रात्र, पण आषाढाच्या मेघांत चंद्राचा उपयोग काय? कथा ऐकतांना आपण अंतर मनांत धरीत नाहीं. खिंडीपर्यंत सुमारें तीस मैल, तेहि चिखलांतून, पालखी खांद्यावर घेऊन, पाठीवर सिद्दी मसूदाचें घोडदळ! आम्हीं हें अंतर दोन दिवसांत, दोन जेवणें व एक झोंप घेऊन तोडलें. तरी दुसऱ्या दिवशीं सकाळीं बूट घालतांना कोणी कोणाशीं बोलत नव्हतें.

पठार संपल्यावर वाट खोतवाडी, करपेवाडी अशा लहान लहान वाड्यांमधून वरखालीं होत जाते. येथें झाडी दाट होते. जांभूळ, हिरडा, अंजनी, आणि उतारावर सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलणारी कारवी. गव्याच्या खुरांचे ताजे ठसे वाटाड्यानें दाखविले, तेव्हां मुलें आपोआप मोठ्यांच्या मधें येऊन चालूं लागलीं.

पहिल्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं एका ओढ्यानें आम्हांस अडविलें. एरवीं उडी मारून ओलांडावा एवढाच तो. पण वर पठारावर तासभर सर कोसळली होती आणि पाणी तांबडें होऊन मांडीच्या वर आलें होतें. आमच्यांतील दोघे तरुण दोर बांधून जाऊं म्हणूं लागले; मागाहून येणारी एक टोळी तर आमच्यादेखत हात धरून पाण्यांत शिरली आणि निम्म्यांतून कशीबशी परतली. वाटाड्या मात्र दगडावर बसून तंबाखू मळीत होता. “बसा जरा, अण्णा,” तो म्हणाला, “चढतंय तसं उतरतंय बी पानी. घाई कुनाला हाय?” आमच्या तरुणांस हें पटेना. अण्णा त्याच्याशेजारीं जाऊन बसले, आणि घरांतील वडीलच बसल्यावर बाकीच्यांना बसणें भाग पडलें. पाऊस थांबल्यावर दीड तासानें पाणी गुडघ्याखालीं आलें. डोंगराच्या कुशींतल्या आंखूड ओढ्याचा स्वभावच असा. त्याला पूर येण्यास वेळ लागत नाहीं, ओसरण्यासहि फारसा लागत नाहीं. त्या रात्रीं मात्र ज्यांच्या पाठीवर शत्रू होता, त्यांना दीड तास कोणी दिला असता?

रात्रीं करपेवाडींत एका शेतकऱ्याच्या पडवींत राहिलों. घरच्या मावशींनीं चुलीपाशीं आमचे कपडे वाळत घातले आणि नाचणीच्या भाकऱ्या वाढल्या. आषाढांत या वाटेनें तरुणांच्या मोठमोठ्या मोहिमा जातात, शेंकडों माणसें एकेका वाडींत उतरतात. मावशींची तक्रार माणसांची नव्हती. “पोरं येत्यात त्ये बरं वाटतंय, पर जाताना बांधावरनं न्हाई, रोपातनं जात्यात,” एवढेंच त्या म्हणाल्या. भाताच्या लावणीचे हेच दिवस असतात, हें शहरांतील उत्साही मंडळींनीं जाणलें पाहिजे.

अण्णांचे पाय येथें ‘पुरे’ म्हणाले. दुसऱ्या दिवशीं ते जीपनें सडकेनें पुढें गेले. आम्ही आंबेवाडी, पांढरेपाणी करीत दुपारीं खिंडीशीं पोंचलों, तों ते वर छत्री उघडून बसलेलेच होते.

खिंड म्हटली कीं दोन कड्यांमधील कोरडी गल्ली डोळ्यांपुढें येते. ही तशी नाहीं. कासारीच्या उगमाकडील एका ओढ्याचें हें पात्र. दोन्ही अंगांस काळा कातळ, वर झाडी, आणि तळाशीं पाण्यानें गुळगुळीत झालेले धोंडे. उतरण्यास आतां लोखंडी शिडी आहे. पूर्वींची ही घोडखिंड. नेमका संग्राम याच जागीं झाला कीं आसपास, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि मुलांपासून ते लपवूं नयेत असें मला वाटतें. परंतु त्या धोंड्यांवर उभें राहिलें म्हणजे एवढें पटतें, कीं अशा जागीं घोड्याचा उपयोग नाहीं, संख्येचाहि फारसा नाहीं. भाची खालून धांपा टाकीत वर आली, तेव्हां अण्णांनीं तिला एकच प्रश्न केला, “दोघांना शेजारीं शेजारीं उभें राहून तलवार फिरवितां येईल का ग, एवढी जागा आहे?” ती पुन्हां खाली उतरली, भावाला शेजारीं उभें करून दोघांनीं हात पसरून पाहिले, आणि वर येऊन म्हणाली, “कांहीं ठिकाणीं येईल, कांहीं ठिकाणीं नाहीं.” अण्णांनीं तें वहींत टिपून घेतलें.

पुढें विशाळगड. त्यालाहि तेव्हां सुर्वे व दळवी यांचा वेढा होता. तो फोडूनच महाराज वर गेले. बाजी व त्यांचे बंधु फुलाजी यांच्या समाध्या तेथें आहेत. इ. स. २०२५ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशांत बारा दुर्गांचा समावेश झाला. त्यांत पन्हाळा आहे, विशाळगड नाहीं, आणि या दोहोंमधील वाटहि नाहीं. वर्षानुवर्षें वाडीवाडीला डांबरी सडक पोंचत आहे, तें वाडीकरांच्या सोयीचेंच आहे. परंतु पायवाट मोडली कीं ती कोठून जात होती हें सांगणारा माणूसहि लवकरच उरत नाहीं. वाटाड्या जवळचाच घ्यावा, हें मी याकरितांहि सांगतों.

लहान मुलें व वृद्ध बरोबर असतील तर आश्विन-कार्तिकांत जावें. ओढे उतरलेले असतात, वाट दिसते, आणि मुक्कामास जागा मिळते. आषाढांतच जाण्याचा आग्रह असेल तर जळवांकरितां मीठ, एक जादा कपड्यांचा जोड मेणकापडांत गुंडाळून, आणि दोनांऐवजीं तीन दिवस हातीं ठेवावे. विशाळगडाहून कोल्हापुरास एस. टी. मिळते.